बॅरल कॅक्टस सडतो, फुलत नाही? या चुका टाळा

खान्देशात काळ्या मातीचं कौतुक कोणाला नाही? कपाशी, केळी तिच्यावरच पिकते. म्हणून नर्सरीतून आणलेला बॅरल कॅक्टस, म्हणजे पिंपासारखा गोल निवडुंगही लोक शेतातलीच माती भरून लावतात, आणि इथेच घात होतो. ही माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात कुंडी सतत ओली राहिली की बुंधा कुजतो, पण वरून झाड हिरवंगारच दिसतं. शंका आली तर काडीने बुंधा दाबून पाहा. टणक लागला तर काळजी नको, जुन्या झाडाचा बुंधा तपकिरी, खरखरीत होतोच. काडी आत रुतली तर समजा, कूज लागली. निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा, बाकी थोडी माती नि जुनं शेणखत, असं मिश्रण भरा. कुंडी मातीची, बुडाला छिद्र असलेली हवी. पावसाळाभर ती छपराखाली पण उजेडात ठेवा.

‘वाळवंटातलं झाड, त्याला ऊन काय बाधणार?’ हाही गैरसमजच. शेडनेटखाली वाढलेलं झाड मे महिन्यात थेट जळगाव-भुसावळच्या गच्चीवर ठेवलं, तर पांढरट चट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात. उन्हाची सवय हिवाळ्यापासून हळूहळू लावावी.

आता फुलांचं. सोनेरी काट्यांचा गोल्डन बॅरल मूळचा मेक्सिकोचा. तो चांगला सव्वा फूट रुंद झाल्याशिवाय सहसा फुलत नाही, आणि त्याला कित्येक वर्षं लागतात. मुठीएवढ्या रोपाला फूल दिसलं तर आधी ते चिकटवलेलं वाळकं फूल नाही ना, हे बघा. लवकर फुलं हवी असतील तर नोटोकॅक्टस किंवा जिम्नोकॅलिशियम घ्या.

झाड मोठं असूनही फुलत नसेल, तर बहुधा हिवाळ्यातलं पाणी नडतं. तुळशीला घालताना यालाही तांब्याभर घालायची सवय सोडा. धुळ्याकडची कोरडी थंडी या झाडाला मानवते. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवलं की उन्हाळ्यात कळ्या धरायची शक्यता वाढते. युरिया तर नकोच. झाड नुसतं फुगतं.

काट्यांच्या बुडाशी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड, असू शकतो. कपाशीवाल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून घ्या. मात्र गोल्डन बॅरलच्या डोक्यावरची पिवळसर लोकर खरवडू नका. ती त्याची स्वतःची असते, आणि कळ्या तिच्यातूनच वर येतात.