लिनक्सवर एसएसडीचा वापर आणि झीज कशी तपासावी

एसएसडीमधील फ्लॅश मेमरी मर्यादित वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते, म्हणून उत्पादक ‘टीबीडब्ल्यू’ (एकूण किती टेराबाइट लिहिता येईल) हा आकडा देतात; सॅमसंगच्या ५०० जीबी क्षमतेच्या ९७० ईव्हीओ प्लसची हमी, उदाहरणार्थ, पाच वर्षे किंवा ३०० टेराबाइट लेखन यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतच असते. ड्राइव्ह किती भरला आहे हे ‘डीएफ’ आज्ञा सांगते. तो किती झिजला आहे हे मात्र त्याच्या स्वतःच्या नोंदीतूनच कळते.

त्यासाठी डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स’ या आज्ञेने साधने बसवावीत आणि ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एनव्हीएमई०’ ही आज्ञा द्यावी. समोर येणाऱ्या यादीत बहुतेकांची नजर ‘पर्सेंटेज यूज्ड’वर जाते, परंतु तो उत्पादकाचा अंदाज असतो आणि १०० च्या पुढेही जाऊ शकतो. माझ्या मते ‘अव्हेलेबल स्पेअर’ (उरलेली राखीव मेमरी) त्याच्या खाली दिलेल्या मर्यादेजवळ आले असेल, किंवा ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ शून्य नसेल, तर ती बाब अधिक गंभीर मानावी आणि इतर काहीही करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा. वीज वारंवार जात असेल आणि यूपीएस नसेल, तर ‘अनसेफ शटडाउन्स’ही पाहत जावे.

खरा उपयोगी आकडा ‘डेटा युनिट्स रिटन’ हा आहे. यातील एक युनिट ५,१२,००० बाइटचे असते, म्हणजे दोन कोटी युनिट हे १०.२४ टेराबाइट लेखन झाले. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला हा आकडा तारखेसह एका फाइलमध्ये लिहून ठेवावा. महिनाभरात तो ५० लाखांनी वाढला, तर २.५६ टेराबाइट लिहिले गेले आणि त्या गतीने ३०० टेराबाइटची मर्यादा गाठायला पावणेदहा वर्षे लागतील. घरगुती वापरात ही गती सहसा याहून पुष्कळ कमी असते, त्यामुळे फरक अचानक वाढला तरच शोध घ्यावा.

ड्राइव्ह एनव्हीएमईऐवजी जुन्या साटा जोडणीचा असेल, तर त्याच आज्ञेत ‘/डेव्ह/एसडीए’ असे नाव द्यावे. तेथे २४१ क्रमांकाची नोंद पाहावी, पण तिचे एकक उत्पादकागणिक बदलते. खात्री करण्यासाठी पेनड्राइव्हवरून १० जीबीची फाइल ड्राइव्हवर कॉपी करून ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे रॅममध्ये थांबलेले लेखन ड्राइव्हवर उतरेल, आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांतील फरक मोजावा. फाइल त्याच ड्राइव्हवरून घेऊ नये, कारण बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टीमवर अशी कॉपी प्रत्यक्ष लेखन न करताच होऊ शकते.

लेखन नेमके कोण करते हे शोधण्यासाठी ‘सुडो आयओटॉप -एओ’ ही आज्ञा तासभर चालू ठेवावी. ती प्रत्येक प्रोसेसचे एकत्रित वाचन-लेखन दाखवते. सतत टॅब जतन करणारा ब्राउझर, एखाद्या बिघडलेल्या सेवेच्या अखंड नोंदी किंवा अपुऱ्या रॅममुळे होणारा स्वॅपचा (रॅममधील माहिती ठेवण्यासाठी ड्राइव्हवर राखलेल्या जागेचा) वापर ही नेहमीची कारणे आहेत. स्वॅपचा ताण असेल तर रॅम वाढवावी, किंवा ‘झेडरॅम’ वापरून स्वॅप रॅममध्येच संकुचित रूपात ठेवावा.

‘सिस्टीमसीटीएल स्टेटस एफएसट्रिम.टायमर’ या आज्ञेने आठवड्याचे ट्रिम (कोणती जागा आता वापरात नाही हे ड्राइव्हला कळवणे) सुरू असल्याचेही तपासावे, आणि ड्राइव्हच्या नोंदींवर लक्ष ठेवणारी ‘स्मार्टडी’ ही सेवा चालू करून तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आपला ईमेल पत्ता घालावा, म्हणजे दोष दिसताच सूचना मिळेल. मात्र त्यासाठी संगणकावरून ईमेल जाण्याची सोय आधी करून ठेवावी लागते.