चढावर इंजिनातून येणारी टकटक

कुटुंब आणि सामान भरून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर आमच्या सात आसनी पेट्रोल गाडीच्या इंजिनातून, डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येऊ लागला. बेअरिंग गेले आहे, इंजिन खोलावे लागेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. मला हे निदान घाईचे वाटले, कारण ऑइलची पातळी योग्य होती, ऑइलच्या दाबाचा दिवा लागत नव्हता आणि उभ्या गाडीत रेस वाढवली तरी इंजिन शांत होते. बेअरिंगचा ठोका जड असतो व रेस सोडतानाही ऐकू येतो. हा आवाज मात्र चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच येई आणि तिसरा गिअर टाकताच थांबे. म्हणजे सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण अवेळी पेट घेत असावे. स्पार्क प्लग काढून पाहिले, तेव्हा त्यांचे चिनीमातीचे टोक पांढरेफटक पडले होते व त्यावर बारीक काळे ठिपके होते. त्यांचा क्रमांकही गाडीच्या पुस्तिकेशी जुळेना. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये अधिक तापणाऱ्या प्रकारचे प्लग बसवले गेले होते; त्यांच्या तापलेल्या टोकामुळेच मिश्रण अवेळी पेटत असावे. पुस्तिकेतील क्रमांकाचे प्लग आणून, इंजिन थंड असताना, टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) बसवले. त्यानंतर तेवढ्याच ओझ्याने घाट चढताना आवाज आला नाही.