चामड्याचं काम शिकताय? किट नंतर, आधी कातडं ओळखा

बेळगावात टिळकवाडीत आमच्या मागच्या खोलीत एक जुना लाकडी पाट आहे, त्यावरच माझं सगळं चामड्याचं काम चालतं. नोकरी बँकेतली, हे संध्याकाळचं, आता सहा वर्षं होतील. ओळखीतली पोरं येतात आणि पहिला प्रश्न एकच, काका, अवजारांचं तयार किट कुठलं घेऊ? म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

किट घेऊच नका, निदान पहिले दोन महिने तरी नको. त्या डब्यातल्या सात-आठच वस्तू खऱ्या लागतात: एक चांगला कटर, लोखंडी पट्टी, शिलाईची भोकं पाडायला चार दातांचं चिझल (माझं ४ मिमी अंतराचं आहे), लाकडी हातोडी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, टोचायची आरी आणि सँडपेपर. हातोडी लाकडीच घ्या, लोखंडीने चिझलचं डोकं फुलतं. उरलेले पैसे चामड्यात घाला.

आणि चामडं म्हणजे कुठलंही नाही. बाजारात जे मऊ, रंगीत, जॅकेटचं वगैरे मिळतं ते बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी एक-दोन दिवसात कमावलेलं. त्याची कड घासून चकाकत नाही, ठसा धरत नाही. आपल्याला हवं ते सालीचं, म्हणजे झाडाच्या सालीच्या पाण्यात कमावलेलं, व्हेज टॅन. सुरुवातीला मी ऑनलाईन ‘अस्सल लेदर’ म्हणून एक मोठा तुकडा मागवला होता, आला तो वरून रंगाचा जाड थर दिलेला, वाकवला की थर तडकायचा, पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून फोटो बघून घेत नाही. कापलेली कड बघायची, आतून निळसर करडी दिसली तर क्रोम समजायचं, तपकिरी असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघायचा, सालीचं साधं चामडं तो पिऊन गडद होतं आणि वाळलं की बरंचसं मूळ रंगावर येतं.

हे मला खरं कळलं ते आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत. कोल्हापुरी चपलेच्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, आठ जिल्हे आहेत बघा, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, म्हणजे ‘कोल्हापुरी’ म्हणून आपण जी घालतो ती कितीदा आपल्याच जिल्ह्यातली असते. तर अथणीत एका चप्पल करणाऱ्या मामांकडे गेलो होतो. बाहेर कट्ट्यावर घरातल्या बायका चपलेच्या पट्ट्यांची वेणी घालत बसलेल्या, मामा आत तळ शिवत होते, दोऱ्याने नाही, चामड्याच्याच वादीने. त्यांनी सांगितलं, जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवतात, ते झिरपत झिरपत आत मुरतं, त्याला दिवसच्या दिवस जातात. मी रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, हातात घ्यायला गेलो तर म्हणाले, “घाई कशाला करताय वो, आधी कातडं हाताला कळू दे.” आणि दोन तुकडे दिले, दाबून बघा म्हणाले. एक पाठीचा, घट्ट, वाकवला तरी सुरकुती बारीक. दुसरा पोटाचा, ढिला, ओढला की लांबायचा. बेल्ट कापायचा तो पाठीचाच, कण्याला समांतर, पोटाच्या भागाचा केलात तर महिन्याभरात भोकं लांबट होतात. बेल्टला ३ ते ३.५ मिमी जाडी बरी, पाकिटाला १ ते १.५ पुरते.

बेल्टचं माप पँटच्या नंबरावरून घेऊ नका. ज्याच्यासाठी करताय त्याचा जुना बेल्ट मागा आणि बकलच्या घडीपासून तो रोज लावतो त्या भोकापर्यंत मोजा, तेवढंच खरं. ते भोक मधलं धरायचं आणि दोन्ही बाजूंना इंच-इंच सोडून आणखी दोन-दोन.

शिलाई दोन सुयांची शिका, बाकी काही आलं नाही तरी चालेल. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट, जाड कामाला थोडा जास्तच. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया जातात, म्हणून एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही, मशीनच्या शिलाईत हे नाही. पण टाके सरळ दिसायचे तर दर भोकात क्रम तोच हवा, आधी उजवी सुई असेल तर शेवटपर्यंत उजवीच, आणि दुसरी सुई घालताना पहिल्या दोऱ्यात टोचली जात नाही ना ते दोरा थोडा मागे ओढून बघायचं. ताण दोन्ही हातांचा सारखा. मी पहिले पंधरा दिवस फक्त कातरणावर, वीतभर लांबीच्या शिवणी घातल्या, रोज दोन. शेवटी तीन टाके उलटे घ्यायचे, दोरा पॉलिस्टरचा असेल तर टोक लायटरने जरासं वितळवून दाबायचं.

एक चूक मात्र करू नका. पाकिटाचं चामडं ओलं करून त्यावर लोखंडी पट्टी ठेवली आणि मी जेवायला उठलो. परत येऊन पट्टी उचलली तर खाली तेवढीच लांब काळी रेघ, बोट फिरवलं तरी जाईना. सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आलं की शाईच होते ती. तो तुकडा आतल्या खिशाला वापरला. ओल्या चामड्याजवळ लोखंड ठेवायचं नाही, हातही कोरडे आणि स्वच्छ.

कडेला वेळ द्या. आधी ४००, मग ८०० नंबरचा सँडपेपर, मग थोडं पाणी किंवा पातळ डिंक लावून जीन्सच्या जाड कापडाने जोरात घासा. गरम लागेपर्यंत घासलं की कड काचेसारखी होते, हा क्षण मला अजून फार आवडतो.

कटर बोथट झाला की लगेच ब्लेड बदला, जोर लावून कापताना हात कापतो. एका दमात आरपार नाही, हलक्या हाताने तीन वेळा.

कारागिराकडे शिकायला जाल तर त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट विचारत बसू नका, त्यांचा दिवसाचा रोज असतो तो.

आणि आपल्याकडचा पाऊस. जूनपासून बेळगावात भिंतीसुद्धा ओल धरतात, चामड्याला बुरशी येणारच. प्लास्टिकमध्ये कधी गुंडाळू नका, सुती कापडात, जमिनीपासून वर ठेवा. बुरशी आलीच तर बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झाडा, मग निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी करून हलक्या हाताने पुसा आणि सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नाही, कडक होऊन तडकतं. वाळल्यावर तेल अगदी दोन-चार थेंब, जास्त झालं तर रंग काळपट पडतो आणि बेल्ट लुळा होतो.