साथ आली, ट्रक थांबले तरी कोळंबी वाया जाऊ नये: फेब्रुवारी ते मे हंगामाचा सल्ला

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरच्या तलावांत, व्हॅनामेई या परदेशी जातीच्या कोळंबीचे बीज सोडायची लगबग सुरू आहे. २०२० मध्ये नेमक्या याच हंगामात, २५ मार्चला टाळेबंदी लागली. मासेमारी आणि मत्स्यसंवर्धनाला केंद्राने १० एप्रिलला सूट दिली खरी, पण तोवर बर्फ, ट्रक आणि मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपन्यांतले कामगार या तिन्हींची वानवा झाली होती. चीनला जाणाऱ्या जिवंत खेकड्यांची मागणी तर त्याच्याही आधी आटली होती. समुद्रात मासळी होती, तलावात कोळंबी होती. तुटली ती किनाऱ्यापुढची साखळी. तेव्हा बाजार महिनाभर बंद राहिला तर माल कुठे जाईल, याचे उत्तर बीज सोडण्याआधी शोधा.

व्हॅनामेईची जनक कोळंबी परदेशातून विमानाने येते, चेन्नईत विलगीकरणात राहते आणि मगच हॅचरीत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रात, पोचते. विमाने थांबली की बीजाची टंचाई होते आणि टंचाईत वाटेल ते बीज गळ्यात मारले जाते. रोगासाठीच्या पीसीआर तपासणीचा अहवाल हातात पडल्याशिवाय बीज उचलू नका, आठ दिवस उशीर झाला तरी चालेल.

नियमाने चौरस मीटरला ६० बीज सोडता येते. ज्यांच्याकडे जनरेटर, खाद्याचा साठा आणि किमान दोन वेगवेगळे खरेदीदार नाहीत, त्यांनी निम्म्यावर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विरळ तलाव दोन-तीन आठवडे धरून ठेवता येतो. दाट तलावात ती सवड मिळत नाही.

त्या वर्षी देशभर अनेकांनी घाबरून लहान आकाराची कोळंबी एकदम काढली आणि भाव आणखी कोसळला. अशी वेळ आलीच तर सगळा तलाव उपसू नका. आधी विरळणी करा: मोठी कोळंबी काढून जवळच्या बाजारात, हॉटेलांना, ओळखीच्या मच्छीविक्रेत्या ताईंना द्या. काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि पेटीत मालाइतकाच बर्फ घाला. उरलेल्या कोळंबीचे खाद्य चेक ट्रे, म्हणजे खाद्य उरते का ते पाहायला तलावात ठेवलेले ताट, पाहून कमी करा. ट्रेमध्ये खाद्य उरले असेल तर पुढची पाळी निम्मी. पहाटे सूर्य उगवण्याआधी प्राणवायू मोजा, तो ४ पीपीएमच्या (लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या) खाली गेला तर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे, वाढवा. एप्रिल-मेमध्ये खाडीची क्षारता चढते आणि व्हिब्रिओ हा रोगजंतू बळावतो, म्हणून तळाचा गाळ वरचेवर काढा. पहिल्या मोठ्या पावसाने क्षारता झपाट्याने उतरते, बांधही फुटतात. त्यामुळे काढणी लांबवायची ती फार तर मेअखेरपर्यंत, त्यापुढे नाही.

खेकडा संवर्धकांनी माल तुंबला तर एकत्र ठेवू नये. कात टाकलेल्या मऊ खेकड्याला बाकीचे खाऊन टाकतात. वेगवेगळे खोके हाच उपाय.

नौकामालकांसाठी थोडे. रत्नागिरीच्या नौकांवरचे अनेक खलाशी नेपाळचे. ते गावी अडकले, तर नारळी पौर्णिमेनंतर हंगाम उघडूनही नौका बंदरातच राहते. स्थानिक तरुणांना आतापासून हाताखाली घ्या. भाव पडला की तोटा भरून काढायला बारीक आसाची (छिद्रांची) जाळी बाहेर निघतात, ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते. ट्रॉलच्या, म्हणजे ओढून नेण्याच्या जाळ्याच्या, शेवटच्या खोळाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असलाच पाहिजे. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेल्या पापलेटची पिल्ले कुटीच्या (खाद्य-खतासाठी जाणाऱ्या स्वस्त मासळीच्या) भावात विकून कर्ज फिटत नाही, पुढच्या वर्षीचे पापलेट मात्र जाते.

बर्फ नसेल तेव्हा सुकवणे हाती असते. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगा. जवळा, मांदेली वाळूत न पसरता जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवा, म्हणजे रेती लागत नाही आणि दरही बरा मिळतो. माशा बसू नयेत म्हणून कीटकनाशक कदापि मारू नका, वर बारीक जाळी घाला. मासे खारवण्यासाठी मीठ आताच भरून ठेवा.

कागदपत्रेही याच महिन्यात पुरी करा. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमार आणि मत्स्यसंवर्धकांनाही मिळते. तलावाची तटीय जलकृषी प्राधिकरणाकडची नोंदणी संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज लगेच द्या, कारण बँक तोच कागद आधी मागते आणि कार्यालये बंद पडली की तो मिळत नाही.