गळ टाकण्याआधी पाणी बघा

शनिवारी संध्याकाळी गळ, तंगूस (गळाची दोरी), शिसं काढून ठेवायच्या आधी तळ्याच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करायचा. जलपर्णी कुठवर पसरलीय आणि पाण्याचा रंग कसा आहे, एवढं विचारून घ्यायचं. तळं लिलावात कुणी घेतलंय तेही विचारायचं आणि त्याची परवानगी आधीच काढायची. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिकडे गळ घेऊन फिरकूच नये.

हल्ली आमच्या भागात मासे कुठे लागतील हे आमिषापेक्षा पाण्यातलं गवत जास्त ठरवतं. उसाच्या आणि भाजीच्या शेतातलं खत पहिल्या पावसात तळ्यात उतरतं, गावाचं सांडपाणी तर बारा महिने उतरत असतं. त्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी अशी वाढते की पोषक पाण्यात आणि उन्हात दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या चादरीखाली ऊन पोचत नाही, खालची कुजलेली पानं उरलासुरला प्राणवायू खातात, आणि रोहू-कटला तिथून निघून जातात. मात्र मरळ तिथेच राहते, कारण तिला वर येऊन हवेतूनही श्वास घेता येतो. मरळीच्या मागे जाणार असाल तर रबरी बेडूक घ्या, ज्याचे गळ पाठीला चिकटून असतात, म्हणजे पानात अडकत नाहीत. तंगूस नेहमीपेक्षा जाड हवं. गवतात शिरलेला मासा बारीक तंगसाने निघत नाही. तोंडात गळ घेऊन तो तुटून जातो आणि पुढे मरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, त्यामुळे तरंगती जलपर्णी पूर्वेच्या काठाला जाऊन साचते. पश्चिमेच्या काठावर बसलात तर मोकळं पाणी मिळतं. तरीही एक लांब काठी आणि जुना कोयता जवळ ठेवा, कारण वारा फिरला की तासाभरात समोरची फट बुजते.

आता पाण्याचा रंग. हिरवं पाणी म्हणजे वाईट पाणी, असं सरसकट नाही. कटला वरच्या थरातलं बारीक जीवन खाऊनच वाढतो. मत्स्यशेती करणारे हात पाण्यात घालून बघतात, तसं बघा: कोपरापर्यंत हात बुडाल्यावर तळवा दिसेनासा झाला तर पाणी चांगलं, मनगटापर्यंतच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त. मग एक काठी बुडवून वर काढा. तिला हिरवे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. गळाला गुंडाळतं, त्रास देतं, पण विषारी नसतं. काठीवर हिरवा रंग फासल्यासारखा थर आला तर नील-हरित शैवाल असण्याची शक्यता धरा. त्यातल्या काही जातींचं विष यकृतावर जातं आणि पाणी उकळूनही जात नाही. अशा दिवशी पाण्यात पाय घालू नका, गुराढोरांना पाजू देऊ नका, तिथला मासा घरी नेऊ नका.

ढगाळ आठवडा असेल तर पहाटेची घाई करू नका. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. दिवसभर ऊन पडलं नाही की पहाटेला पाण्यात काहीच उरत नाही. एका श्रावणात आम्ही पहाटे पोचलो तर शेकडो मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. आम्हाला वाटलं, आज नशीब उघडलं. तासाभरात पिशवी भरली. काठावर म्हशी धुणारे एक आजोबा म्हणाले, ‘पोरांनो, ते गुदमरत्यात रे, त्यास्नी का पकडतायसा.’ दुपारी आम्ही परतताना काठाला मेलेले मासे लागले होते. तेव्हापासून वर आलेला मासा दिसला की मी गळ बाहेरच काढत नाही, काठावरच्या माणसांना सांगतो आणि तळं ज्याच्याकडे आहे त्याला कळवतो.

पाण्यात उतरायचंच झालं तर एकट्याने नाही. हायड्रिलासारखं बुडीत गवत पायाला वेटोळं घालतं आणि जितकं झटकाल तितकं आवळतं. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. पोरांना काठावरच बसवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि दोराचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात द्या.

चांगल्या पाण्यातला मासा आणला तरी पोटातला ऐवज आणि यकृत काढूनच टाका, धुवायला घरचं पाणी वापरा.

शेवटचं काम घरी आल्यावरचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं. गळ, जाळं, चप्पल, बादली, सगळ्यावरचं गवत हाताने वेचून काढा. हायड्रिलाचा पेराएवढा तुकडा नव्या पाण्यात पडला की तिथे रुजतो. वेचलेलं गवत मोरीत टाकू नका, नाल्यातून ते परत कुठल्या तरी तळ्यातच जाईल. गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवा, मग झाडांच्या बुंध्याला घाला. पुढच्या रविवारी खानापूरच्या बाजूच्या एखाद्या स्वच्छ तळ्यावर जाणार असाल, तर जाळं पूर्ण सुकल्याशिवाय गाडीत ठेवू नका.