सभेच्या नोटिसा मेलवर पाठवण्याआधी: पत्त्यांच्या हेडरची तयारी

हे सगळं पायथनमधल्या ईमेल (मेल बनवणारी) आणि एसएमटीपीलिब (मेल पाठवणारी) या दोन लायब्रऱ्यांपुरतं आहे. काम ओळखीचं: पतसंस्था किंवा साखर कारखाना, तीन-चारशे सभासदांचे मेल पत्ते, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची वार्षिक सर्वसाधारण सभा आणि "नोटीस पोस्टानं जाईलच, पण मेलवर बी टाका" असा निरोप. वीस ओळींचा प्रोग्राम. त्यातली एक ओळ मागच्या खेपेला राहिली आणि एका सभासदाच्या मेलमध्ये दुसऱ्यांचे पत्ते गेले. म्हणून ती आधीच सांगतो, आणि पुढंही सांगत राहणार आहे: लूपमध्ये, म्हणजे सभासदागणिक फिरणाऱ्या भागात, टू हेडरला (मेलच्या डोक्यावरची 'कुणाला' ही ओळ) नवा पत्ता देण्याआधी जुना टू काढा. आधी डेल (पायथनची काढून टाकायची आज्ञा), मग पत्ता.

यादीपासून सुरू करा. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही काढली की फाइलच्या तोंडाशी बीओएम नावाचं न दिसणारं चिन्ह बसतं. फाइल साध्या यूटीएफ-८नं उघडली तर ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतं. मग रकाना डोळ्यांना समोर दिसतो आणि प्रोग्राम म्हणतो असा रकानाच नाही. 'यूटीएफ-८-सिग' देऊन उघडा, विषय संपला.

नावं कोणत्या फॉन्टात आहेत ते बघा. सोसायटीच्या जुन्या याद्या कृतिदेव नाही तर श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात. एक्सेलमध्ये मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. एक नाव उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य इंग्रजी दिसलं तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाही तर सभासदाला स्वतःचं नावच वाचता येणार नाही.

नाव एका रकान्यात, पत्ता दुसऱ्या. दोन्ही एकत्र ठेवू नका. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. तेव्हापासून अख्ख्या शीटवर 'शोधा आणि बदला' चालवायची सवय लागली आहे. दाखवायच्या नावात बदल करा की, पण मेल पत्त्यात जुनं नाव असेल तर ते तसंच राहायला हवं. तिथं गावाचं नाव बदललं की तो पत्ता दुसराच झाला.

पत्त्याच्या रकान्याला स्ट्रिप (कडेच्या मोकळ्या जागा काढणारं) लावा, पण निस्तं स्ट्रिप पुरत नाही. एक्सेलमधून आलेली न तुटणारी स्पेस त्यानं जाते. झिरो विड्थ जॉइनर आणि झिरो विड्थ स्पेस ही न दिसणारी चिन्हं मात्र जात नाहीत, कारण पायथन त्यांना स्पेस मानतच नाही. मराठी कीबोर्ड चालू ठेवून पत्ता टाइप केला की ही चिन्हं पत्त्यात येऊन बसतात. त्यामुळं पत्ता इझआस्की (निस्ती साधी इंग्रजी अक्षरं-चिन्हं आहेत का बघणारी) या तपासणीतून काढा, खोटं आलं की ती ओळ बाजूला. नावाच्या रकान्यावर मात्र हीच झाडणी चालवू नका. 'गोऱ्हे' लिहिताना काही कीबोर्ड तोच जॉइनर वापरतात आणि तो काढला की रफार होऊन आडनाव बिघडतं. तेच आडनाव दुसऱ्या कीबोर्डवरून वेगळ्या कोडांनी येतं, दिसायला सारखं, जुळवायला गेलं तर वेगळं. म्हणून दुबार नोंदी नावावरून शोधू नका, पत्त्यावरून शोधा. पत्ता जुळवताना डोमेनचा भाग लहान अक्षरांत करा. अॅटच्या आधीचा भाग पाठवताना जसा आला तसाच ठेवा, नियमानं तिथं लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जाऊ शकतं. आणि स्वल्पविराम नाही तर तिरकी रेघ टाकून एकाच घरात दोन पत्ते घातलेले असतातच, ते हातानं सोडवा.

आता नाव आणि पत्ता जोडणं. इथं एफ-स्ट्रिंग (मजकुरात थेट किमती भरायची पायथनची सोय) वापरून नाव, मग < > कंसात पत्ता, असं चिकटवू नका. आपल्याकडं नावं कशी असतात बघा: 'सचिव, बाजार समिती (उदगीर)'. यातला स्वल्पविराम हेडरच्या भाषेत दोन पत्त्यांमधली भिंत आहे, म्हणजे 'सचिव' हा एक पत्ता आणि उरलेलं दुसरा. गोल कंसातला मजकूर हेडरच्या लेखी टीप असते, ती गळू शकते. 'मा.' नाही तर 'डॉ.' मधला टिंब आरएफसी ५३२२ (मेलच्या मांडणीचे नियम) प्रमाणं अवतरणचिन्हाशिवाय लिहायचाच नाही. या खोड्या आठवून हातानं अवतरण घालत बसण्यात अर्थ नाही. हेडररजिस्ट्रीमधला ॲड्रेस हा क्लास घ्या, डिस्प्ले_नेममध्ये नाव द्या, ॲडर_स्पेकमध्ये पत्ता द्या आणि ती वस्तू थेट टू हेडरला द्या (हे ईमेलमेसेज या नव्या क्लासमध्येच चालतं, तो पुढं येतोय). अवतरण, एन्कोडिंग सगळं तो बघतो. नावात चुकून एंटर दाबलेला असेल तर नकारही देतो. तो नकार हवाच, कारण नावातून नवी ओळ आत शिरली की त्या ओळीवर कुणीही बीसीसी (इतरांना न दिसणारा पत्ता) लिहू शकतो.

एन्कोडिंग, म्हणजे मराठी नाव हेडरसाठी साध्या इंग्रजी अक्षरांत गुंडाळणं (बेस६४ ही त्याची एक रीत), हातानं करू नये याचं कारण हिशेबात आहे. हेडरमधला एक एन्कोडेड तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. यूटीएफ-८ आणि बेस६४च्या खुणांना त्यातली १२ जातात. उरलेल्या ६३ मध्ये बेस६४ची ६० बसतात, म्हणजे ४५ बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइटचं. म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हं. 'छत्रपती संभाजीनगर' एवढंच लिहिलं तरी १६ चिन्हं आणि एक स्पेस, ४९ बाइट होतात, म्हणजे दोन तुकडे. तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडला की समोर प्रश्नचिन्हाचा चौकोन. शिवाय शेजारच्या दोन एन्कोडेड तुकड्यांमधली स्पेस वाचणारा प्रोग्राम टाकून देतो, त्यामुळं स्पेस तुकड्याच्या आत हवी. हे लायब्ररीला करू द्या.

आणि पत्ता कधीच एन्कोड करायचा नाही, फक्त नाव. जुन्या पद्धतीच्या मेसेजमध्ये 'नाव <पत्ता>' अशी मराठी स्ट्रिंग सरळ दिली की लायब्ररी नावासकट पत्ताही बेस६४मध्ये गुंडाळते. स्क्रीनवर ठीक दिसतं, उत्तर द्यायला गेलं की पत्ता नाही.

जुनी पद्धत म्हणजे काय, ते आता, कारण डेलची गोष्ट तिथंच अडकली आहे. नेटवर सापडणारे बहुतेक नमुने एमआयएमई-मल्टिपार्ट किंवा एमआयएमई-टेक्स्ट वापरतात. त्यांची ठरलेली पॉलिसी कॉम्पॅट३२, जुन्या वागणुकीची. त्यात चौकोनी कंसात 'टू' लिहून पत्ता दिला की डिक्शनरीसारखं दिसतं, पण डिक्शनरी नाही. जुना टू तसाच राहतो आणि त्याच्याखाली दुसरा टू लागतो. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. पीडीएफ एकदाच जोडावी म्हणून मेसेज लूपच्या बाहेर बनवलेला असतो, आणि आत प्रत्येक फेरीला टू बदलतोय असं वाटत असतं. बदलत नाही. साचतो. पाठवायला एसएमटीपीलिबमधली सेंडमेल आणि सेंड_मेसेज अशी दोन फंक्शनं आहेत. सेंडमेलला पत्ता वेगळा देत असाल तर मेल बरोबर माणसाला पोचतो, पण पन्नासाव्याच्या हेडरमध्ये आधीचे एकोणपन्नास पत्ते दिसतात. सेंड_मेसेज वापरत असाल तर प्रकार उलटा: ते टू विचारतं तेव्हा पहिलाच टू हातात येतो, म्हणून तीनशेच्या तीनशे नोटिसा यादीतल्या पहिल्या सभासदाला. तो बहुतेक चेअरमन असतो.

म्हणून डेल. मेसेजमधला टू डेल करा, मग नवा द्या. टू नसला तरी डेल तक्रार करत नाही, तेव्हा पहिल्या फेरीसाठी वेगळी अट लावायची गरज नाही. रिप्लेस_हेडर चालेल असं वाटेल, पण हेडर नसला तर ते कीएरर देतं आणि एकापेक्षा जास्त असले तर पहिलाच बदलतं. डेल सगळे काढतं. नावाचा उल्लेख विषयात करत असाल तर सब्जेक्टलाही हेच.

त्याहून बरं म्हणजे ईमेलमेसेज हा नवा क्लास घ्या, पायथन ३.६ पासून तो पक्का आहे. त्यात दुसरा टू द्यायला गेलं की व्हॅल्यूएरर येतो, टू एकच असू शकतो म्हणून. हा एरर तुमचा राखणदार आहे, त्याला ट्राय-एक्सेप्ट-पास करून झोपवू नका. झोपवला की टू पहिल्याच माणसाचा राहतो आणि सेंड_मेसेज परत चेअरमनला तीनशे मेल पाठवतं. सगळ्यात सरळ: पीडीएफचे बाइट लूपच्या बाहेर एकदा वाचा, मेसेज मात्र प्रत्येक सभासदासाठी फंक्शनमध्ये नवा बनवा. तीनशे मेसेज बनवायला मशीनला काही लागत नाही. असं केलं तर डेल लागतच नाही. तरी लिहा. उद्या कुणी तरी 'ऑप्टिमाइझ' करायला म्हणून मेसेज परत बाहेर काढेल.

एकच मेल सगळ्यांना टाकायचा शॉर्टकट सुचेल, त्याआधी लिफाफा आणि हेडर यातला फरक पक्का करा. मेल कुठं जाणार ते लिफाफा ठरवतो, म्हणजे एसएमटीपीला दिलेली यादी. हेडर म्हणजे आतल्या कागदावर लिहिलेला मायना. सेंड_मेसेज बीसीसी वाचून लिफाफ्यात घालतं आणि पाठवायच्या प्रतीतून काढून टाकतं. सेंडमेल तसं काही करत नाही. ॲझ_स्ट्रिंगनं मेसेज काढून त्याला दिला तर बीसीसीची ओळ जशीच्या तशी सगळ्यांकडे. सेंडमेलला पत्ते लिस्ट म्हणून द्या. स्वल्पविराम घातलेली एक लांब स्ट्रिंग दिली तर तो तिला एकच पत्ता समजतो, आणि जुन्या आवृत्त्यांत मेल निस्ता पहिल्याला जातो. तीनशे नावांचा एकच टू मुळीच नको. जुन्या काही आवृत्त्यांत इंग्रजी नसलेल्या नावांची लांब यादी मोडताना मधला स्वल्पविरामच एन्कोड व्हायचा, सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२५-१७९५ या क्रमांकानं त्याची नोंद आहे. एका माणसाला एक मेल, एक टू. आणि आधी डेल.

बाहेरून आलेला हेडर वाचायचा असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनचा कुटाणा करू नका, स्वल्पविरामावर स्प्लिट तर नकोच. ईमेलमेसेजच्या टूवर ॲड्रेसेस असतं, ते वापरा. पार्सअॅडर आणि गेटअॅड्रेसेस (हेडरमधून नाव-पत्ता वेगळे काढणारी फंक्शनं) वापरणार असाल तर स्ट्रिक्ट चालू ठेवा; ३.१३ मध्ये ते मुळातच चालू आहे, वेडावाकडा पत्ता आला की रिकामी जोडी परत येते. रिकामी जोडी आली का ते बघा. 'पत्ता नाही' म्हणजे पाठवू नका, अंदाज लावू नका.

कुणाचा पत्ता '.भारत' डोमेनवर असेल तर डोमेन आधी एक्सएन-वाल्या (इंग्रजी अक्षरांतल्या) रूपात बदलून घ्या. अॅटच्या आधीचा भागच देवनागरीत असेल तर सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ (असे पत्ते चालवून घेण्याची सोय) यायला हवं, ते आरएफसी ६५३१ मधलं. येत नसेल तर सेंड_मेसेज एरर देईल. त्या सभासदाला पोस्टानं.

फ्रॉममध्ये ज्या डोमेनच्या सर्व्हरवरून पाठवताय त्याच डोमेनचा पत्ता. क्लार्कचा जीमेल तिथं घालू नका, स्पॅममध्ये जाईल. उत्तर त्याच्याकडं यावं असं वाटत असेल तर रिप्लाय-टू त्यासाठीच आहे.

लाइट. लूप चालू असताना जाणार असं धरून चला. प्रत्येक मेल गेला की पत्ता फाइलीत लिहा आणि फ्लश करा, सुरुवातीला ती फाइल वाचून झालेले वगळा. सेंड_मेसेज नाकारलेल्या पत्त्यांची डिक्शनरी परत देतं, तीही लिहा. एका मेलला दोन-तीन पत्ते असले तर सगळे नाकारले तरच एरर येतो, एखादाच नाकारला तर कळणार नाही.

चाचणी: स्वतःचे तीन पत्ते घालून पूर्ण लूप चालवा, एक पत्ता नाही, तीन. एकाच पत्त्यावर चाचणी केली की साचलेला टू कधीच दिसत नाही, कारण साचायला दुसरा नसतोच. तिसऱ्या इनबॉक्समधला मेल उघडून मूळ रूप बघा आणि टूच्या ओळी मोजा. एक हवी. प्रोग्राममध्येही पाठवण्याच्या एक ओळ आधी गेट_ऑलनं टू मोजा, एक नसेल तर थांबवा.

तारीख: १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, त्याच्या आदल्या संध्याकाळी पाठवू नका, बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) बघायला कुणी नसतं. बाउन्स लिफाफ्यावरच्या पाठवणाऱ्याकडं येतात, रिप्लाय-टूकडं नाही, तो इनबॉक्स कोण उघडणार ते ठरवा. बाउन्स झालेले वेगळ्या फाइलीत, पोस्टाच्या यादीशी ताडून घ्या. डेल लिहिलंय ना, परत एकदा बघा आणि चालवा.