आउटबोर्डची पाण्याची धार बारीक झाली तेव्हा

दाभोळच्या खाडीत घरच्यांना फिरवायला जुनी फायबरची होडी घेतली. घेताना हातोडीच्या दांड्याने तळ सगळीकडून ठोकून पाहिला होता. बद्द आवाज आला, तर आत पाणी मुरलेलं असू शकतं.

पावसाळ्यानंतर आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन चालू केलं, तर इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार अगदी सुतासारखी. थोड्याच वेळात गरम झाल्याचा भोंगा वाजला. लगेच बंद केलं आणि वल्ही मारत जेटी गाठली. वल्ही आणि माणशी एक लाइफ जॅकेट याशिवाय मी होडी सोडत नाही.

धारेच्या भोकात तार घातली. थोडं मीठ निघालं, पण फरक शून्य. मग गिअरचा खालचा भाग उतरवला. तिथल्या पाणी वर ढकलणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राच्या पात्या कडक होऊन वाकल्या होत्या, एक तर तुटलेली. तो तुकडा मिळेपर्यंत नवं चक्र बसवायचं नाही, कारण तो वर अडकला की इंजिन पुन्हा तापणार. नळीच्या तोंडाशी सापडला. नवं चक्र साबणाच्या पाण्याने ओलं करून, शाफ्ट फिरतो त्याच दिशेने फिरवत बसवलं. पंप कोरडा अजिबात चालवायचा नाही, रबर लगेच जातं.

उघडलंच होतं म्हणून इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः गंजून झिजणारा जस्ताचा तुकडाही बदलला, तो अर्धा झिजला होता. जुनं गिअर ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्या दादांकडे दिलं. याच खाडीवर कितीतरी घरं जगतात, तिथे तेलाचा थेंबही पडू नये.

आता फेरीनंतर दर वेळी गोड्या पाण्यावर इंजिन दहा मिनिटं चालवतो. धार पुन्हा जोरात पडते.